युरोपची असेंद्रिय रसायनांची निर्यात कशी वाचावी : प्रकरण 28 च्या आकड्यांतून खरा कल ओळखण्याची पद्धत

युरोपीय देशांच्या औद्योगिक असेंद्रिय रसायनांच्या निर्यातीचा आलेख काढायला बसलेल्या माणसाची पहिली फसगत बहुधा 2022 या वर्षापाशी होते. त्या वर्षी कॉस्टिक सोडा, सोडा ॲश अशा अनेक मालांची युरोंतील रेषा झपकन वर चढते आणि निर्यात वाढली असा निष्कर्ष आयताच हाती येतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी युरोपातले अमोनियाचे कित्येक प्रकल्प बंद होते, क्लोरीन बनवणारे विद्युत अपघटनाचे घट (सेल) कमी भाराने चालत होते आणि कारखानदार दर आठवड्याला गॅसचा भाव पाहून उत्पादन ठरवत होते. वाढला होता तो इंधनाचा भाव, आणि तो मालाच्या किमतीत उतरून निर्यातीच्या रकान्यात जाऊन बसला होता. रसायनांच्या या शाखेत एखाद्या देशाचा एकूण आकडा फार थोडे सांगतो. तो आकडा कोणत्या दोन-चार कारखान्यांतून, कोणत्या इंधनावर आणि कोणत्या बंदरातून निघाला हे कळले, तरच कल कळतो. रसायन कंपन्यांच्या बाजार-विश्लेषण विभागात काम करणाऱ्यांना, अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आणि युरोपीय मालाशी स्पर्धा करणाऱ्या आपल्याकडच्या उत्पादकांना हे काम स्वतः करता यावे, या हेतूने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : परिघ आखून घेणे

भारतात जीएसटीच्या बिलावर मालापुढे जो एचएसएन क्रमांक छापलेला असतो, त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखेच असतात. या पद्धतीत असेंद्रिय रसायनांचे प्रकरण 28 वे आहे. त्यात 2801 खाली क्लोरीन, 2804 खाली हायड्रोजन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन, 2807 खाली सल्फ्युरिक आम्ल, 2814 खाली अमोनिया, 2815 खाली कॉस्टिक सोडा, 2836 20 खाली सोडा ॲश आणि 2847 खाली हायड्रोजन पेरॉक्साइड येते. युरोपीय संघ याच सहा अंकांना आणखी दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक वापरतो. त्याला सीएन क्रमांक म्हणतात आणि त्याची यादी दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होते.

मात्र प्रकरण 28 म्हणजे औद्योगिक असेंद्रिय रसायने, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. रंगउद्योगाला लागणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे रंगद्रव्य मुख्यतः 3206 मध्ये नोंदले जाते आणि 2823 मध्ये त्याचा लहानसा भागच सापडतो. नुसते 2823 पाहून जर्मनीच्या टायटॅनियम डायऑक्साइडविषयी मत बनवणे म्हणजे दाराच्या फटीतून घर पाहणे होय. तेलशुद्धीकरणातून निघणारे गंधक 2503 मध्ये, मीठ 2501 मध्ये आणि तयार खते 31 व्या प्रकरणात जातात. याउलट कार्बन ब्लॅक हा खनिज तेलाच्या जड अवशेषांपासून बनणारा आणि जवळजवळ सगळा टायर-रबर उद्योगात खपणारा माल 2803 या क्रमांकाने 28 व्या प्रकरणातच मोडतो.

त्याहून मोठी अडचण तीन शीर्षकांची आहे. 2843 मध्ये मौल्यवान धातूंची संयुगे येतात, 2844 मध्ये युरेनियमसह किरणोत्सारी पदार्थ येतात आणि 2818 मध्ये ॲल्युमिना येतो. मार्च 2021 मध्ये ऱ्होडियम या मौल्यवान धातूचा भाव औंसाला 29,000 डॉलरच्या घरात पोहोचला होता, म्हणजे किलोला नऊ लाख डॉलरहून अधिक. सोडा ॲशचा भाव टनाला 300 डॉलर धरला, तर एक किलो ऱ्होडियम हे तीन हजार टन सोड्याच्या बरोबरीचे होते. अशा वेळी बेल्जियम किंवा जर्मनीच्या प्रकरण 28 च्या मूल्यात झालेली वाढ रसायनउद्योगाची होती की सराफ्याची, हे एकूण आकडा सांगू शकत नाही. युरेनियमचेही तसेच आहे. नेदरलँड्समधील आल्मेलो, जर्मनीतील ग्रोनाउ आणि ब्रिटनमधील केपनहर्स्ट येथे युरेन्को कंपनीचे, तर फ्रान्समधील त्रिकास्तँ येथे ओरानो कंपनीचे युरेनियम समृद्धीकरणाचे प्रकल्प आहेत, आणि वजनाने नगण्य असलेला हा माल मूल्याने बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. म्हणून पहिल्याच दिवशी 2843 आणि 2844 बाजूला काढून त्यांचा वेगळा तक्ता करावा. ॲल्युमिना मूल्यापेक्षा वजनाचा आलेख बिघडवतो, म्हणून तोही वेगळा ठेवावा.

उत्पादनाच्या आकड्यांशी निर्यात ताडून पाहायची असेल, तर उद्योगांच्या वर्गीकरणाचीही दखल घ्यावी लागते. युरोपच्या नेस वर्गीकरणात इतर मूलभूत असेंद्रिय रसायने 20.13 मध्ये आहेत, पण औद्योगिक वायू 20.11 मध्ये, रंगद्रव्ये 20.12 मध्ये आणि अमोनियासह नायट्रोजनयुक्त संयुगे 20.15 मध्ये आहेत. व्यापाराचे 28 आणि उद्योगाचे 20.13 एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, हे ध्यानात न घेता केलेली तुलना पहिल्या आक्षेपातच कोलमडते.

दुसरी पायरी : कोणता युरोप, हे ठरवणे

ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. त्यामुळे 2021 पासून ब्रिटनला जाणारा माल संघाबाहेरची निर्यात ठरतो. कारखान्यातून एक टनही जास्त न निघता बाह्य निर्यात त्या वर्षी वाढलेली दिसू शकते. यावरचा उपाय सोपा आहे. संपूर्ण कालखंडासाठी ब्रिटन वगळून उरलेल्या 27 देशांचा एकच स्थिर गट घ्यावा आणि आकडे उतरवताना तोच निवडला आहे याची खात्री करावी. उत्तर आयर्लंडच्या मालाची नोंद वेगळ्या खुणेने होते, तीही तपासावी. ब्रिटनच्या स्वतःच्या आकड्यांतही संघाशी होणाऱ्या निर्यातीची गणना जानेवारी 2021 पासून सीमाशुल्काच्या कागदपत्रांवर होऊ लागली, त्यामुळे तिथेही मालिकेत सांधा आहे, म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे थेट तुलनीय नाहीत.

नॉर्वे आणि स्वित्झर्लंड हे संघाबाहेरचे देश असून त्यांचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड संचातून सहज मिळतात. तुर्कस्तान संघात नाही, परंतु औद्योगिक मालासाठी त्याचा युरोपीय संघाशी सीमाशुल्क-एकीकरणाचा (कस्टम्स युनियनचा) करार आहे. सोडा ॲशच्या बाबतीत हा तपशील निर्णायक ठरतो, हे पुढे दिसेल.

तिसरी पायरी : आकडे उतरवणे आणि त्यांतील भोके ओळखणे

मुख्य साधन म्हणजे युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा कॉमेक्स्ट हा संच. त्यातून देश, भागीदार देश, आठ अंकी क्रमांक आणि महिना यांनुसार मूल्य, निव्वळ वजन आणि जिथे लागू असेल तिथे पूरक एकक (वजनाखेरीजचे दुसरे माप, जसे शुद्ध पदार्थाचे किलो) असे तीन आकडे मिळतात. हे तिन्ही एकाच वेळी उतरवून घ्यावेत. केवळ मूल्य घेऊन काम सुरू करणाऱ्याला पुढे परत यावेच लागते.

संघाबाहेरच्या निर्यातीची नोंद सीमाशुल्काच्या घोषणापत्रांवरून होते, तर संघांतर्गत व्यापारासाठी कंपन्या इंट्रास्टॅट नावाचे विवरण भरतात. ठरावीक मर्यादेखालील कंपन्यांना ते भरावे लागत नाही आणि त्यांचा व्यापार अंदाजाने जोडला जातो, त्यामुळे अंतर्गत व्यापाराचे बारीक तपशील बाह्य व्यापाराइतके भक्कम नसतात. असेंद्रिय रसायनांत दुसरे भोक गोपनीयतेचे आहे. एखाद्या मालाचा देशात एकच उत्पादक असेल, तर त्याचा आकडा उघड केल्याने कंपनीचा व्यवहार उघड होतो. म्हणून तो क्रमांक झाकला जातो आणि रक्कम फक्त वरच्या पातळीवर मिळवली जाते. याची चाचणी म्हणजे प्रकरणातील सर्व आठ अंकी क्रमांकांची बेरीज करून ती प्रकरणाच्या प्रसिद्ध एकूण रकमेशी ताडणे. फरक मोठा असेल, तर त्या देशाविषयी मालनिहाय विधान करताना हात आखडता घ्यावा.

क्रमांकही बदलत असतात. 2017 च्या आवृत्तीत 2848 हे फॉस्फाइडांचे शीर्षक रद्द होऊन 2853 मध्ये विलीन झाले आणि 2022 च्या आवृत्तीत 2844 40 चे तुकडे पडले. एखादी मालिका जानेवारी महिन्यात अचानक शून्यावर आली किंवा शून्यातून उगवली, तर कारखाना बंद पडल्याची बातमी शोधण्याआधी त्या वर्षाची क्रमांकांची यादी उघडावी.

चौथी पायरी : मूल्याची फोड करणे

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. मूल्याला वजनाने भागले की टनाची सरासरी किंमत मिळते आणि मग मूल्यातील बदलाची फोड करता येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका देशाने पहिल्या वर्षी एक लाख टन माल टनाला 300 युरो या भावाने विकला, म्हणजे तीन कोटी युरो मिळाले. दुसऱ्या वर्षी 80 हजार टन माल 700 युरो भावाने विकला, म्हणजे 5.6 कोटी युरो मिळाले. मूल्य 87 टक्क्यांच्या आसपास वाढले, पण माल 20 टक्क्यांनी घटला. वाढलेल्या 2.6 कोटींची फोड अशी : जुन्या वजनावर भाववाढीचे चार कोटी, जुन्या भावाने 20 हजार टनांच्या घटीचे उणे 0.6 कोटी, आणि जो माल विकलाच गेला नाही त्यावर न मिळालेल्या भाववाढीचे उणे 0.8 कोटी. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की वाढ नेमकी कशाची होती, याविषयी वाद उरत नाही.

वजनातही एक खोच आहे. कॉस्टिक सोडा बहुतेक वेळा पाण्यातील द्रावणाच्या, म्हणजे लायच्या रूपात विकला जातो. मेम्ब्रेन (पडदा) असलेल्या विद्युत अपघटनाच्या घटातून तो साधारण 32 टक्के तीव्रतेचा निघतो आणि लांब पाठवायचा असेल तर 50 टक्क्यांपर्यंत आटवतात. म्हणजे 500 टन शुद्ध कॉस्टिक 50 टक्के लायच्या रूपात 1,000 टन भरतो, तर 32 टक्के लायच्या रूपात सुमारे 1,560 टन. जवळच्या ग्राहकाला पातळ आणि दूरच्या ग्राहकाला दाट लाय गेली, तर निव्वळ वजनाचा आलेख गिऱ्हाईक बदलल्याने हलतो. सीएन यादीत यासाठीच शुद्ध कॉस्टिक सोड्याचे किलो, हायड्रोजन पेरॉक्साइडचे किलो, युरेनियमचे किलो अशी पूरक एकके दिलेली आहेत. ज्या मालाला पूरक एकक आहे त्याची सरासरी किंमत नेहमी त्या एककावरच काढावी.

पाचवी पायरी : बंदराचा माल आणि देशाचा माल वेगळा करणे

रॉटरडॅम आणि अँटवर्प ही बंदरे आकडे फुगवतात. समुद्रापलीकडून आलेला माल नेदरलँड्समध्ये सीमाशुल्क भरून मोकळा झाला आणि पुढे जर्मनीला गेला, तर युरोस्टॅटच्या पद्धतीत तो नेदरलँड्सची बाह्य आयात आणि नेदरलँड्सची संघांतर्गत निर्यात अशा दोन्ही जागी दिसतो, मग त्या मालाशी कोणत्याही डच कंपनीचा संबंध असो वा नसो. नेदरलँड्सचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय स्वतःच्या प्रकाशनांत अशी देशातून नुसती पुढे जाणारी वाहतूक वगळते. त्यामुळे एकाच देशाचे, एकाच वर्षाचे दोन अधिकृत आकडे वेगळे निघतात आणि दोन्ही आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात.

ओळखण्याची चाचणी उत्पादनाच्या आकड्यांत आहे. युरोस्टॅटच्या प्रॉडकॉम संचात विकल्या गेलेल्या उत्पादनाची नोंद असते. निर्यातीचे टन उत्पादनाच्या टनांपेक्षा जास्त असतील, तर फरक पुनर्निर्यातीचा आहे, असे मानायला हरकत नाही. येथेही एक सावधगिरी हवी : अमोनियाचा मोठा वाटा त्याच आवारात युरिया किंवा नायट्रिक आम्लासाठी आणि क्लोरीनचा मोठा वाटा पीव्हीसीसाठी खर्च होतो, तो विक्रीच्या आकड्यात येत नाही. म्हणून उत्पादन आणि विक्री यांचे रकाने वेगळे वाचावेत.

सहावी पायरी : माल इंधनाप्रमाणे आणि उगमाप्रमाणे लावणे

आतापर्यंतच्या पायऱ्या हिशेबाच्या होत्या. कल समजतो तो या पायरीवर. देशांची यादी बाजूला ठेवून माल कशाच्या जोरावर बनतो, त्याप्रमाणे गट पाडावेत.

पहिला गट नैसर्गिक वायूचा, आणि त्याचा म्होरक्या अमोनिया. आधुनिक प्रकल्पातही एक टन अमोनियाला सुमारे 30 गिगाज्यूल किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते, म्हणजे ढोबळमानाने नऊ मेगावॉट-तास वायू. टीटीएफ या डच व्यापारकेंद्रावरील वायूचा भाव संकटापूर्वी मेगावॉट-तासाला 20 युरोंच्या आसपास असे. 26 ऑगस्ट 2022 रोजी तो 300 युरोंच्या वर गेला. नऊला तीनशेने गुणले की एका टनातील केवळ वायूची किंमत 2,700 युरो होते, आणि या दराने युरोपात अमोनिया का बनवला गेला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच सुमारास यारा कंपनीने आपली युरोपातील अमोनियाक्षमता सुमारे 35 टक्क्यांवर आणली. फेब्रुवारी 2023 मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने लुडविग्सहाफेन येथील दोनपैकी एक अमोनिया प्रकल्प कायमचा बंद करण्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये सीएफ फर्टिलायझर्सने सप्टेंबर 2021 मध्ये इन्स आणि बिलिंगहॅम येथील काम थांबवले, तेव्हा अमोनियाचा उपउत्पाद असलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा होऊन शीतपेये आणि मांस उद्योग अडचणीत आले आणि सरकारला मध्ये पडावे लागले. म्हणजे 2814 मधील घसरणीची सावली 2811 21 वरही, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवरही पडते; अशा जोडलेल्या क्रमांकांची यादी आधीच करून ठेवावी. पुरवठ्याच्या बाजूने, रशियातील तोल्यात्ती ते युक्रेनमधील ओदेसा ही दोन हजार किलोमीटरहून लांब अमोनियावाहिनी 24 फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. या दोन्ही गोष्टींमुळे अमोनियाच्या बाबतीत युरोपचा कल निर्यातीपेक्षा आयातीच्या आकड्यांत अधिक स्पष्ट दिसतो, आणि निर्यातीचा अभ्यास करणाऱ्यानेही या मालासाठी आयातीचा रकाना उघडाच ठेवावा.

दुसरा गट विजेचा. मिठाच्या द्रावणाच्या विद्युत अपघटनातून एक टन क्लोरीनबरोबर सुमारे 1.1 टन कॉस्टिक सोडा निघतो आणि त्याला दोन हजारांहून अधिक युनिट वीज लागते. क्लोरीन विषारी वायू असल्याने तो फारसा प्रवास करत नाही. शक्यतो आवारातच वापरला जातो. कॉस्टिक मात्र जहाजाने कुठेही जातो. म्हणून 2801 10 चा निर्यात-आकडा लहान राहतो आणि उद्योगाची प्रकृती 2815 12 वरून, म्हणजे कॉस्टिकच्या लायवरून पाहावी लागते. यातील विरोधाभास असा, की बांधकाम मंदावून पीव्हीसीची मागणी घटली की क्लोरीन कमी बनते आणि त्यामुळे कॉस्टिकचा तुटवडा पडून त्याचा भाव वाढतो. कॉस्टिकच्या भाववाढीला मागणीचे लक्षण समजणारे अहवाल मी बरेच वाचले आहेत; त्यांतल्या बहुतेकांनी पीव्हीसीकडे पाहिलेले नसते. याच गटात आणखी एक जुना सांधा आहे. पाऱ्याच्या घटांवर चालणारे क्लोरीन-कॉस्टिकचे उत्पादन युरोपीय संघात 11 डिसेंबर 2017 पर्यंत संपवायचे होते. ज्यांनी मेम्ब्रेन बसवले ते टिकले आणि काहींनी घट कायमचे बंद केले. 2017-18 मधील देशनिहाय उलथापालथीचे मूळ अनेकदा या मुदतीत सापडते.

सोडा ॲशची गोष्ट सर्वांत बोलकी आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळायला हरकत नाही. मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांपासून सोडा बनवण्याची पद्धत अर्नेस्ट सोल्वे यांनी बेल्जियममध्ये उभी केली आणि 1863 मध्ये कंपनी स्थापन झाली. फ्रान्समध्ये दोंबाल, इटलीत रोसिन्यानो, स्पेनमध्ये तोरेलावेगा, जर्मनीत बर्नबुर्ग आणि राइनबेर्ग, बल्गेरियात देव्न्या, पोलंडमध्ये इनोव्रोत्सवाफ आणि यानिकोवो ही सगळी या पद्धतीची गावे. या पद्धतीला भरपूर वाफ लागते, आणि ती वाफ अनेक ठिकाणी कोळशावर बनत आली. रोमानियातील गोव्होरा येथील कारखाना 2019 मध्ये बंद पडला तो सोड्याला गिऱ्हाईक नव्हते म्हणून नव्हे. शेजारच्या औष्णिक केंद्राकडून येणारी वाफ थांबली म्हणून. तुर्कस्तानात मात्र बेपाझारी आणि काझान येथे ट्रोना हे खनिज जमिनीखालीच पाण्यात विरघळवून वर काढतात. त्यापासून सोडा करायला ऊर्जा कमी लागते आणि उत्सर्जनही कमी होते. काझानचा प्रकल्प 2017-18 च्या सुमारास सुरू झाल्यावर हा स्वस्त माल सीमाशुल्काशिवाय युरोपीय संघात येऊ लागला. आपल्याशी याचा थेट संबंध असा, की मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा केमिकल्सने ब्रिटनमधील ब्रुनर माँड ही जुनी कंपनी घेतली होती, आणि तिच्या नॉर्थविच परिसरातील विनिंग्टन येथील सोडा ॲशचा विभाग 2014 मध्ये तर लॉस्टॉक येथील सोडा ॲशचा प्रकल्प जानेवारी 2025 अखेर बंद झाला. म्हणून 2836 20 वाचताना युरोपीय देशांच्या निर्यातीशेजारी तुर्कस्तानची त्याच बाजारांतील निर्यात ठेवावी. दोन्ही रेषा एकत्र पाहिल्या की कोण कुणाची जागा घेत आहे ते दिसते.

उपउत्पादांचा गट वेगळ्याच तर्काने चालतो. युरोपातील सल्फ्युरिक आम्लाचा मोठा भाग तांबे आणि जस्ताच्या भट्ट्यांतून निघतो : हॅम्बुर्ग आणि बल्गेरियातील पिर्दोप येथे ऑरुबिस कंपनीच्या, स्पेनमध्ये वेल्वा येथील, फिनलंडमध्ये हर्यावाल्टा येथील. भट्टी चालू असेल तोवर आम्ल निघणारच, ते साठवायला जागा थोडी असते, आणि बाजार पडला की उत्पादकाला ते जवळजवळ फुकट द्यावे लागते. 2807 च्या निर्यातीचे टन आम्लाच्या मागणीशी जोडण्याऐवजी भट्टीच्या दुरुस्तीच्या वेळापत्रकाशी जोडून पाहावेत.

काही देशांचे आकडे म्हणजे एखाद्या कारखान्याचीच कुंडली असते. आयर्लंडच्या प्रकरण 28 च्या वजनावर शॅनन नदीच्या मुखाशी असलेल्या ऑगिनिश येथील ॲल्युमिना प्रकल्पाची सावली आहे. त्याची वार्षिक क्षमता 19 लाख टनांच्या आसपास आहे. रोमानियातील तुल्चा येथील ॲल्युमिना प्रकल्प ऊर्जेच्या दरांमुळे ऑगस्ट 2022 मध्ये थांबला. फिनलंडमध्ये कोक्कोला येथील कोबाल्ट आणि सोत्कामो येथील टेराफेमचे निकेल सल्फेट यांमुळे बॅटरीच्या मागणीचे चढउतार थेट निर्यातीत उमटतात. एस्टोनियात सिल्लामे येथे दुर्मिळ मृदा धातूंचे शुद्धीकरण होते, त्यामुळे एवढासा देश 2846 च्या यादीत ठळकपणे दिसतो. जर्मनीच्या 2804 61 या क्रमांकामागे बुर्गहाउसेन आणि न्युन्ख्रिट्स येथील वाकर कंपनीचे अतिशुद्ध सिलिकॉन आहे. तेथे टनांपेक्षा सरासरी किंमत अधिक बोलते, कारण चिपसाठीचा माल सौरपट्ट्यांसाठीच्या मालापेक्षा बराच महाग विकला जातो.

सातवी पायरी : तारखांची पट्टी आलेखाखाली ठेवणे

महिन्यांच्या आलेखाखाली कायद्यांच्या आणि निर्बंधांच्या तारखा लिहिल्या की अनेक वळणे आपोआप उलगडतात. वर आलेल्या तारखांखेरीज चार तरी हव्यात. युरोपीय संघाच्या रशियाविरुद्धच्या फेब्रुवारी 2023 च्या दहाव्या निर्बंधसंचाने रशियन कार्बन ब्लॅकच्या आयातीवर बंदी आणली आणि संक्रमणाची मुदत 30 जून 2024 पर्यंत दिली. त्या आधीच्या महिन्यांत साठा भरून घेण्याची घाई आणि नंतरची पोकळी या दोन्ही गोष्टी 2803 मध्ये शोधाव्यात. या पोकळीत भारतीय उत्पादकांनाही वाव मिळाला. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे कारखाना असलेल्या बिर्ला कार्बनचे युरोपातही स्वतःचे कारखाने असल्याने, भारतातून होणारी विक्री आणि युरोपातील उत्पादन यांत एकाच समूहाने केलेली अदलाबदल असू शकते हे ध्यानात घ्यावे. 11 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेने रशियन समृद्ध युरेनियमच्या आयातीवर बंदी लागू केली, त्याचे पडसाद वेगळ्या काढून ठेवलेल्या 2844 च्या तक्त्यात पाहावेत. 4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात मध्यम व जड दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले.

चौथी तारीख सीमेवरील कार्बन शुल्काची, म्हणजे सीबॅमची. 1 ऑक्टोबर 2023 पासून त्याचा केवळ माहिती देण्याचा टप्पा चालू झाला आणि 1 जानेवारी 2026 पासून अंतिम टप्पा आला. 28 व्या प्रकरणातील हायड्रोजन, नायट्रिक आम्ल, अमोनिया आणि पोटॅशियम नायट्रेट त्याच्या यादीत आहेत. सोडा ॲश नाही. हे शुल्क आयातीवर आहे, त्यामुळे युरोपीय कारखानदाराला घरच्या बाजारात संरक्षण मिळते, पण तोच माल बाहेर विकताना त्याने भरलेला कार्बनचा खर्च या यंत्रणेतून परत मिळत नाही. यादीतील मालांसाठी संघांतर्गत विक्री आणि बाह्य निर्यात या दोन रेषा 2026 पासून कटाक्षाने वेगळ्या काढाव्यात, कारण त्यांची दिशा एकच राहील असे मानण्याला आता आधार नाही.

आठवी पायरी : आरशातील आकड्याशी ताळा

एका देशाची निर्यात म्हणजे दुसऱ्याची आयात, म्हणून दोन्हीकडचे आकडे जुळायला हवेत. ते क्वचितच जुळतात. निर्यात एफओबी मूल्याने आणि आयात सीआयएफ मूल्याने नोंदली जाते, म्हणजे आयातीत भाडे आणि विमा मिळवलेला असतो. महाग मालात हा फरक किरकोळ असतो, परंतु सल्फ्युरिक आम्लासारख्या स्वस्त आणि अवजड मालात जहाजाचे भाडे मालाच्या किमतीहून जास्त भरू शकते. त्यामुळे ताळा आधी टनांत करावा आणि मगच युरोंत. टनांतही मोठी तफावत दिसली, तर क्रमाने तीन कारणे तपासावीत : मधल्या बंदरातून गेलेला माल, गोपनीयतेने झाकलेला क्रमांक, आणि डिसेंबरअखेर निघून जानेवारीत पोहोचलेले जहाज. या तिन्हींनंतरही फरक उरला, तर ज्या बाजूची नोंद सीमाशुल्काच्या कागदांवरून झाली आहे ती अधिक विश्वासाची मानावी, आणि आपण असे का मानले ते तक्त्याखाली एका ओळीत लिहावे.

कॉमेक्स्टमधील मासिक आकडे नंतरही सुधारले जातात. ताज्या दोन-तीन महिन्यांवरून कल जाहीर करण्याची घाई न करता बारा महिन्यांची सरकती बेरीज वापरावी, आणि प्रत्येक तक्त्यावर आकडे उतरवल्याची तारीख, सीएन यादीचे वर्ष, देशांचा गट आणि वजन निव्वळ आहे की पूरक एककात आहे हे चार तपशील लिहून ठेवावेत, म्हणजे सहा महिन्यांनी तोच आकडा वेगळा दिसला तर चूक आपली आहे की युरोस्टॅटने केलेली सुधारणा, हे पाच मिनिटांत सांगता येते.